गल्लीची लांबी

हौशी : मुंबईच्या रस्त्यांचा इतिहास सांगायला बसलं की माणसं फोर्टातून सुरुवात करतात. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रस्ता कसा झाला, काळा घोडा उचलून राणीच्या बागेत कसा गेला, वगैरे. माझं म्हणणं, वरळी गावात बस जिथे वळते तिथे उतरा आणि किल्ल्यापर्यंत चालत जा. रमतगमत गेलात तरी फार वेळ लागायचा नाही. उजवीकडे माहीमचं पाणी, डावीकडे उघडा समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर एकमेकींत शिरलेल्या गल्ल्या. वरळी हे सात बेटांपैकी एक. हॉर्नबी वेलार्डचा बांध 1784 च्या सुमारास पुरा झाला आणि महालक्ष्मीच्या बाजूने ती मुंबईला जोडली गेली. किल्ला त्याहून शंभरेक वर्षांनी जुना. टेकडीवर गोलफादेवी, तिच्याकडे लोक अजून कौल मागायला येतात. किल्ल्याच्या तटाखाली जाळी दुरुस्त करणारे नाखवे आणि समोर 2009 पासून उभा असलेला सी लिंक. साडेतीनशे वर्षं इतक्या कमी चालण्यात तुम्हाला फोर्टात मिळणार नाहीत.

शंकेखोर : अहो, हेच मला खटकतं. किल्ला, देवी, पूल अशी तीन ठिकाणं दाखवायची आणि मधल्या गल्लीला ‘ऐतिहासिक’ म्हणून मोकळं व्हायचं. गल्लीत जुनं काय आहे ते सांगा ना. घरं सिमेंटची आहेत. तळमजल्यावर कोळ्याचं घर, वर भाडेकरूची खोली, त्याच्या वर पत्रा. फरशा अलीकडच्या, गटारं त्याहून अलीकडची. आणि तुमचा किल्ला! तो इंग्रजांनी 1675 च्या सुमारास बांधला. माहीमच्या पाण्यात शिरणाऱ्या शत्रूच्या आणि चाच्यांच्या गलबतांवर नजर ठेवायला. तरी फिरायला आणणारी निम्मी मंडळी तो पोर्तुगीजांचा म्हणून सांगतात. काळा दगड आणि जवळपास एखादा क्रूस दिसला की पोर्तुगीज, असा आपल्याकडे नियमच आहे. किल्ल्यासारख्या किल्ल्याचं मूळ जर इतकं सैल सांगितलं जात असेल, तर गल्लीबद्दल तुम्ही कशाच्या आधारावर बोलणार? माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ 1863 चं, मुंबईचं इंग्रजी गॅझेटियर 1909-10 चं. अशा ग्रंथांत कोळी येतो तो एक जमात म्हणून येतो. त्याचा पेहराव, त्याची लग्नं, त्याची दारू. महिकावतीच्या बखरीत राजे आहेत, राजवाड्यांनी ती 1924 साली छापली म्हणून आपल्याला ठाऊक. गल्लीचा इतिहास म्हणजे सनद, खरेदीखत, नकाशा, कोणाचं तरी पत्र. ते नसेल तर उरतात त्या गमती.

हौशी : कागद ज्यांच्याकडे होते त्यांच्याच गल्ल्यांना इतिहास असतो, असं ठरवलंत तर वाद मिटला. गिरगावातल्या खोताच्या वाडीकडे पाहा. वसवणारा खोत, त्याचं नाव, लाकडी जिन्यांची घरं, सगळं सांगता येतं. म्हणून तिथे छायाचित्रकार जातात आणि इथे फक्त मासळी घ्यायला जातात. पण मी ज्याला जुनं म्हणतो ते घर नव्हे. दोन घरांमधली मोकळी राहिलेली जागा जुनी आहे. घर चारदा पाडून पाचव्यांदा बांधलं तरी ती फट तिथेच राहते, कारण ती बुजवली तर मागच्या चार घरांची पाण्याकडे जायची वाट बंद होते. गावाला ते चालत नाही. इथे जमात आहे, पंच आहेत, पूर्वी पाटलाचा शब्द होता. एवढं पुरतं. गल्ली किती रुंद, तर खांद्यावर जाळ्याचं ओझं घेतलेले दोघे आणि समोरून डोक्यावर पाटी घेतलेली बाई एकमेकांना वाट देतील इतकी. त्यापेक्षा जास्त जागा सोडायची चैन या पट्टीवर कोणाला परवडणार? आणि वळणं उगाच नाहीत. जूनमधला वारा सरळ आत शिरला तर कौलं जागेवर राहायची नाहीत. महापालिकेच्या अभियंत्याने आखलेल्या रस्त्याचा इतिहास फायलीत सापडतो. न आखता झालेल्या रस्त्याचा त्याच्या मापात शोधावा लागतो. शिवाय ओटा घ्या. गल्लीला लागून असलेला ओटा घराचा की गल्लीचा, हे तिथे कोणी विचारत नाही. सकाळी त्यावर जाळं शिवलं जातं, दुपारी कोळंबी सोलली जाते, संध्याकाळी म्हाताऱ्या बसतात आणि गणपतीत मखराचं सामान ठेवलं जातं. मालमत्ता पत्रकात त्या ओट्याला रकाना नाही.

शंकेखोर : माप, ओटा, वारा. छान आहे हे, पण याला मी इतिहास म्हणणार नाही. हा व्यवसाय झाला. व्यवसायाने जागेला आकार दिला, इथपर्यंत तुमचं मान्य. मग व्यवसाय उठला की त्या आकाराचं काय करायचं, हेही तुम्हीच सांगा. वरळीतल्या किती घरांतली मुलं पहाटे बोटीवर जातात? बापाची बोट, मुलाला बँकेत नोकरी, नातू अमेरिकेच्या गोष्टी करतो. त्यात वाईट काही नाही. मी त्या बापाच्या जागी असतो तर हेच केलं असतं. बोटीवरचे खलाशीसुद्धा पुष्कळदा बाहेरगावचे. जाळ्यासाठी राखलेली वाट जाळं गेल्यावर नुसती अरुंद वाट होते. अरुंद वाटेचे दुष्परिणाम मात्र पुरेपूर राहतात. अग्निशमनाचा बंब आत जात नाही, रुग्णवाहिका बाहेर थांबते. मार्च 2020 च्या शेवटी मुंबईत सर्वांत आधी ज्या वस्त्या सील झाल्या त्यांत वरळी कोळीवाडा होता, विसरलात? तुमचं ते सुंदर माप, दोन माणसं आणि एक पाटी, तेच त्या वेळी जिवावर बेतलं. घरात राहायला जागा नाही म्हणून माणूस गल्लीत राहतो, आणि गल्लीत राहायचं नाही असं फर्मान निघालं की त्याने जायचं कुठे? बाहेरून आलेला माणूस या गल्ल्यांना ‘जिव्हाळ्याच्या’ म्हणतो तेव्हा मला त्या दिवसांची आठवण करून द्यावीशी वाटते.

हौशी : करून द्या, जरूर. पण मग सव्वाशे वर्षं आणखी मागे चला. 1896 ला प्लेग आला. 1898 ला सुधार ट्रस्ट निघाला. त्यांचं निदान तुमच्यासारखंच होतं: वस्ती दाट, गल्ली अरुंद, हवा खेळत नाही, म्हणून रोग. उपाय काय, तर दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढायचे आणि समुद्राची हवा शहरात आणायची. प्रिन्सेस स्ट्रीट त्यातूनच झाला, सँडहर्स्ट रोडही. ज्यांची घरं पाडली त्यातले बरेच जण शेजारच्या आणखी दाट चाळींत जाऊन राहिले. म्हणजे दाटी गेली नाही, सरकली. आता गंमत पाहा. आजचा कोस्टल रोड सुरू होतो तो याच प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून, आणि साडेदहा किलोमीटरनंतर संपतो तो वरळीला, कोळीवाड्याच्या तोंडाशी. एका साथीच्या नावाने कापलेला रस्ता दुसऱ्या साथीत सील झालेल्या गावाला येऊन भिडला. त्या वेळी कारण हवेचं होतं, या वेळी वाहतुकीचं. दोन्ही वेळा रस्त्याची रुंदी हाच सद्गुण आणि गल्लीचा अरुंदपणा हाच गुन्हा. रोगट गल्ली मला प्यारी आहे असं नाही. पण रोगाचं मूळ रुंदीत आहे की खोलीत कोंबलेल्या माणसांच्या संख्येत, याचा निकाल या शहराने कधी लावलेला नाही.

शंकेखोर : रस्त्यांची ही जुळणी जमली खरी. तरी जुळणी म्हणजे पुरावा नव्हे. कोस्टल रोडने तुमची गल्ली कापलेली नाही. तो समुद्रातून गेला.

हौशी : तिथेच तर माझं तुमच्याशी भांडण आहे. गल्ली जेटीवर संपते हे तुम्ही गृहीत धरता, महापालिकेनेही तेच गृहीत धरलं. क्लीव्हलँड बंदरावरून बोट निघते तेव्हा ती मोकळ्या मैदानात शिरत नाही. वरळीचा किनारा खडकाळ आहे. कुठल्या खडकाला किती अंतर ठेवायचं, अष्टमीच्या भांगाला कुठे पाणी पुरतं आणि पुनवेच्या उधाणाला कुठे ओढ लागते, हे ठरलेलं असतं. त्या वाटेला पाट्या नाहीत, पण वाट आहे. शेवंडं कुठे, खेकडे कुठे, कालवं फोडायला बायकांनी ओहोटीला कुठल्या खडकावर जायचं, हे सगळं त्या वाटेवरचे पत्ते आहेत. गल्ली घराच्या ओट्यावरून निघते, जेटीवर नुसती ओली होते आणि मासळीच्या जागेपर्यंत जाते. कोस्टल रोड सी लिंकला जोडण्यासाठी जे खांब टाकायचे होते ते नेमके या वाटेत. दोन खांबांमध्ये साठ मीटर जागा ठेवू, असं महापालिका म्हणाली. कोळ्यांनी दोनशे मागितले. बाहेरच्याला वाटलं, होडी ती केवढी, तिला साठ मीटर पुरे नाहीत? गल्लीत समोरून कोणी आलं तर माणूस थांबतो, भिंतीला चिकटतो. बोट थांबत नाही. इंजिन बंद पडलं की ओढ नेईल तिकडे जाते. खांबाला आपटून परतणारी लाट, आडवा वारा, समोरून येणारी दुसरी बोट, आणि हे सगळं पहाटेच्या अंधारात. शेवटी 2023 उजाडता उजाडता सरकारने आठव्या क्रमांकाचा खांब वगळायचं मान्य केलं आणि सातव्या-नवव्या खांबांमध्ये एकशेवीस मीटर ठरले. मुंबईत गल्लीच्या रुंदीवरून झालेलं मला माहीत असलेलं हे सर्वांत मोठं भांडण. फरक इतकाच की गल्ली पाण्यात होती.

(इथे शंकेखोर थोडा वेळ बोलला नाही. लेखकालाही हा मुद्दा नवा होता. पण पुढे तो जे बोलला त्याने लेखकाचं पारडं पुन्हा हललं, तेव्हा वाचकाने इथेच टाळ्या वाजवू नयेत.)

शंकेखोर : मानलं. गल्ली जेटीवर संपत नाही, हे मी यापुढे विसरणार नाही. पण ते भांडण कोणत्या भाषेत जिंकलं गेलं ते आठवा. आधी कोर्टात गेलं. याचिका करणाऱ्यांत वरळीच्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था होत्या. जुलै 2019 मध्ये उच्च न्यायालयाने रस्त्याची किनारा-परवानगी रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि भराव पुन्हा सुरू झाला. मग बोटी घेऊन समुद्रात काम अडवणं, बैठका, पुन्हा बैठका. या सगळ्यात ‘आमची साडेतीनशे वर्षांची वाट’ हे वाक्य कोणाच्या कामी आलं? कामी आलं ते पोट आणि जीव. बोट आपटेल, माणूस मरेल, धंदा बुडेल. मागितले दोनशे, मिळाले एकशेवीस. म्हणजे घासाघीस झाली, आणि इतिहासात घासाघीस करता येत नाही. तुमचा इतिहास तिथे मुका होता. उद्या तुम्ही त्याला तोंड फोडलंत, वारसा म्हणून गल्लीची नोंद करून घेतलीत, तर काय होईल? खोताच्या वाडीचं उदाहरण तुम्हीच दिलंत. पासष्टच्या आसपास घरं होती म्हणतात, निम्मीसुद्धा उरली नाहीत. सगळ्यांनी कौतुक केलं, तरी टॉवर आले. कोळीवाड्याची अडचण याहून बिकट. सरकारी कागदावर या जागेला दोनच ओळखी सोप्या जातात. एक वारसा, दुसरी झोपडपट्टी. झोपडपट्टी म्हटलं की तीनशे चौरस फुटांचं घर, लिफ्ट आणि बोट ठेवायला पार्किंग! वारसा म्हटलं की धाकट्याच्या लग्नासाठी वर एक खोली काढायची तर परवानगीसाठी खेटे. आता मला सांगा, ज्याला ती खोली काढायची आहे त्याच्या बाजूने तुम्ही की तुमच्या मोकळ्या फटीच्या?

हौशी : दोघांच्याही. हसू नका, खरंच. खोली त्याने काढावी. घर राखायचा आग्रह मी मघाशीच सोडला. राखायची ती वाट. सीमांकन करताना घरांभोवती रेघ मारून मोकळं होऊ नये. मासळी सुकवायची जागा, जाळी पसरायची जागा, बोटी ओढून ठेवायचा किनारा, जेटी, हे सगळं रेघेच्या आत घ्यावं. बाकी आत कोणी दोन मजले चढवले, कोणी खिडकीला काचा लावल्या, तर ते त्यांचं घर आहे. मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा घोळ इतकी वर्षं चालला आहे तो यामुळेच. घर मोजता येतं. जिथे वर्षातले काही महिनेच बोंबील वाळतो आणि उरलेल्या महिन्यांत पोरं क्रिकेट खेळतात, ती जागा मोजणाऱ्याला रिकामी दिसते. पावसाळी बंदीत, एक जून ते एकतीस जुलै, मोजणीला आलात तर बोटी वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली. तेव्हा तर धंदाच बंद आहे असं लिहून न्याल.

शंकेखोर : म्हणजे वापर हाच हक्क. ठीक. मग वापर कोणाचा? जाळं खांद्यावर घेऊन त्या फटीतून रोज पहाटे जाणारा खलाशी दुसऱ्या राज्यातून आलेला आहे, आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. गल्लीचा खरा वापर तोच करतो. घरमालक कोळी लोअर परळच्या ऑफिसात जातो, तो गल्लीतून मोटरसायकल काढतो. तुमच्या तत्त्वाने गल्ली खलाशाची. हे तुम्ही गावात जाऊन म्हणाल? नाही म्हणणार. तिथे तुम्ही म्हणाल, कोळी इथले मूळचे. झालं, वापर सोडून जन्मावर आलात. मूळचे म्हटलं की भंडाऱ्यांचं काय, तीन पिढ्या चाळीतून इथे येऊन स्थिरावलेल्याचं काय, ख्रिस्ती कोळ्यांचं काय? ते तर तुमच्या कोळीगीतांच्या चित्रात कधी नसतातच. टोपी, रुमाल आणि नऊवारीच्या बाहेरचा कोळी कोणाला ठाऊक असतो? ‘आम्ही आधी’ हे वाक्य इतिहासाचं वाटतं, पण या शहरात ते नेहमी चटईक्षेत्राचं असतं. ज्याने ते म्हटलं त्याला दोष देत नाही. विकासकाच्या भाषेला उत्तर द्यायला त्याच्याकडे दुसरं वाक्य नाही. पण तुम्ही-आम्ही, ज्यांचं तिथे काही अडलेलं नाही, त्यांनी तरी ते सावधपणे उच्चारावं.

हौशी : हा घाव वर्मी बसला. माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, अर्धं आहे. वापर म्हणजे फक्त मासळी, असं मी बोलून बसलो. ते तोकडं होतं. शिमग्याला जाऊन पाहा. वरळी कोळीवाड्यात होळी आदल्या रात्रीही पेटते, कोंबड होळी म्हणतात. सजवलेली मडकी डोक्यावर घेऊन बायका मिरवतात. त्यात उरणला दिलेली लेक असते, विरारला गेलेली सून असते, बँकेतला मुलगा असतो. पौष पुनवेला गोलफादेवीच्या जत्रेला तेच. आणि कौल तर वर्षभर. लग्न जमवायचं, नवी बोट घ्यायची, जागेचा सौदा करायचा, तर माणूस देवीसमोर बसतो आणि उजवा-डावा काय मिळतो त्याची वाट पाहतो. तुम्ही श्रद्धा ठेवू नका, मीही कुंपणावर आहे. पण जागा विकायची की नाही हा प्रश्न घेऊन जो माणूस टेकडी चढतो, तो गल्लीचा वापरच करत असतो. तिथे राहत असो वा नसो.

शंकेखोर : आणि देवीने सौद्याला उजवा दिला तर?

हौशी : तर तो विकेल. देतही असेल कधी कधी.

शंकेखोर : पाहा, म्हणजे तुमची देवीसुद्धा जतनवादी नाही! मला ते आवडलं. पण मग आपण इथे येऊन पोचलो: परत येणाऱ्यांचाही हक्क, पहाटे जाणाऱ्यांचाही, आणि विकून जाणाऱ्यालाही विकायचा हक्क. तिघांची गल्ली एकच, पण तिघांना ती वेगवेगळ्या लांबीची दिसते. शिमग्याला येणाऱ्या लेकीची गल्ली बसथांब्यापासून होळीच्या चौकापर्यंत. विकणाऱ्याची आपल्या उंबऱ्याइतकी. खलाशाची सातव्या-नवव्या खांबांच्या पलीकडे. शहराला यातली एकच लांबी नोंदवता येते आणि ती बहुधा सर्वांत आखूड असेल. आता एक शक्यता धरा. वीस वर्षांनी क्लीव्हलँड बंदरावरून एकही बोट निघत नाही. एकशेवीस मीटरची जागा मात्र तशीच, कारण पूल पाडून पुन्हा कोण बांधणार? तेव्हा तुम्ही तिला काय म्हणाल? नकाशावर तो पुलाचा एक गाळा असेल, पुलाच्या मालकीचा.

हौशी : गल्लीच म्हणेन. गावाने भांडून राखलेली.

शंकेखोर : पण ज्या कारणासाठी राखली ते कारण गेलं की, तुमच्याच मघाच्या हिशेबाने, ती नुसती रुंद फट. अरुंद गल्लीबद्दल मी हेच म्हटलं तेव्हा तुम्हाला राग आला होता.

हौशी : अजूनही येतो. फरक एवढाच की तेव्हा मी तुम्हाला म्हणालो असतो, जतन करा. आता म्हणतो, आधी बोट चालू राहील असं काही करा. डिझेल, बर्फ, दोनशे मागून एकशेवीस मिळाल्यावर उरलेल्या ऐंशी मीटरचा हिशेब. इतिहासाचं नंतर पाहू.

शंकेखोर : म्हणजे हौस सोडलीत?

हौशी : सोडलेली नाही. पण येत्या खेपेला लोकांना घेऊन गेलो तर किल्ल्यापासून सुरुवात करणार नाही. जेटीवर उभं करीन आणि विचारीन, खांब दिसतात का, त्यांच्यामधून आज किती बोटी गेल्या ते कोणी मोजलं का. तुम्ही येणार असाल तर मोजायचं काम तुमच्याकडे.

शंकेखोर : येतो. पण खलाशांची नावंही लिहून घेईन, आणि घरमालकांची वेगळ्या पानावर. मग दोन्ही पानं घेऊन आपण पंचांसमोर बसू, आणि गल्ली कोणाची हे त्यांनाच विचारू.

हौशी : ते दोन उत्तरं देतील. एक तुमच्यासमोर, एक तुम्ही गेल्यावर.

शंकेखोर : मला दुसरं ऐकायचं आहे.